गोडं पाणी

इतिहास म्हटला की लोकांना तलवारी आठवतात आणि मला सनावळ्या. तीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवल्यावर दुसरं काय आठवणार? झोपेतून हलवून कुणी विचारलं, तरी पुरंदरचा तह १६६५ आणि पानिपत १७६१ हे मी डोळे न उघडता सांगतो आणि कूस बदलतो. पण ज्या इतिहासात पाणी खरोखर उकळलं, माणसं रस्त्यावर आली आणि भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळालं, तो मोटारीच्या रेडिएटरचा इतिहास मात्र मी कुठल्याही क्रमिक पुस्तकात पाहिला नाही. बखरकारांनी दुर्लक्ष केलं म्हणावं, तर बखरकारांकडे मोटारी नव्हत्या. आणि ज्यांच्याकडे मोटारी होत्या, ते बॉनेट उघडून पाणी ओतण्यात इतके गुंतलेले असत की बखर लिहायला सवड कुठली?

तेव्हा हे काम खानदेशातल्या माणसाने अंगावर घ्यावं, हेच बरं. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर गेला, तर आमच्याकडे ती बातमी नसते. बातमी होते ती पुण्यात एक्केचाळीस झाला तर. आमचा उन्हाळा होळीला सुरू होतो आणि मृगाची वाट बघत बसतो. दुपारी बारा ते चार रस्त्यावर फक्त दोन प्रकारचे प्राणी दिसतात, गाढवं आणि लग्नाचे वऱ्हाडी. त्यातून आमच्या गावाचं नाव धरणगाव. पुण्या-मुंबईचे पाहुणे नाव ऐकूनच म्हणतात, “वा! म्हणजे पाण्याची चंगळ असेल.” आम्ही त्यांच्या हाती पाण्याचा तांब्या देतो आणि विषय बदलतो.

गाव मात्र तसं साधं नाही. इथल्या कापडाच्या नादाने इंग्रजांनी शिवाजी महाराजांच्या काळात इथे वखार घातली होती, आणि महाराजांच्या फौजेने ती लुटलीही होती. लुटण्याजोगं काहीतरी गावात होतं, याचा आम्हांला आजही अभिमान आहे. बालकवी ठोंबरे इथेच १३ ऑगस्ट १८९० रोजी जन्मले. झऱ्यांवर आणि हिरवळीवर इतकं गोड लिहिणारा कवी नेमका या उन्हात जन्माला यावा, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. आम्हांला वाटत नाही. ज्याला तहान माहीत, त्यालाच झरा दिसणार.

असो. मूळ मुद्दा पाण्याचा.

मोटारीला पाणी लागतं ते तिच्या उधळ्या स्वभावामुळे. आपण टाकीत जे पेट्रोल ओततो, त्याच्या शक्तीतला ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाकांना मिळतो, तिसरा धुराड्यातून जातो आणि उरलेला इंजिनाचं अंग तापवण्यात खर्च होतो. मास्तरच्या पगाराचंही असंच असतं, त्यामुळे मला हे चटकन समजलं. ही तिसरी वाटणी वेळच्या वेळी बाहेर नेली नाही, तर पिस्टन सिलिंडरमध्ये चिकटून बसतो. मग गाडी ही चार चाकांची कोठी होते.

कार्ल बेंझ या जर्मन गृहस्थाने १८८६ साली मोटारीचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याने ही उष्णता घालवायला सोपा उपाय केला होता. इंजिनाभोवती पाणी ठेवायचं. ते उकळेल, वाफ होऊन जाईल. संपलं की पुन्हा ओतायचं. चहाचं आधण आणि मोटार यांत त्या वेळी फारसा फरक नव्हता. पण बेंझसाहेब ही गाडी घेऊन लांब कुठे जाईचनात. शेवटी १८८८ च्या ऑगस्टात त्यांच्या सौभाग्यवती, बर्था बेंझ, नवऱ्याला न विचारता, दोन मुलांना गाडीत घालून मॅनहाइमहून शंभरेक किलोमीटरवरच्या फोर्झहाइमला, म्हणजे चक्क माहेरी, निघाल्या. जगातला पहिला लांब पल्ल्याचा मोटारप्रवास हा माहेरपणाचा होता, ही गोष्ट मी वर्गात सांगायचो तेव्हा मुली खूश व्हायच्या. वाटेत पेट्रोलऐवजी औषधाच्या दुकानातून लिग्रोइन नावाचं द्रव्य घेतलं, नळी तुंबली ती टोपीच्या पिनेने साफ केली. आणि पाणी? ते दिसेल तिथे मागितलं. घरोघरी पाणी मागत ही बाई माहेरी पोचली. रात्री तारेने नवऱ्याला कळवलं. नवऱ्याने काय उत्तर दिलं असेल याची मी कल्पना करू शकतो, पण कल्पना करणं हे इतिहासात बसत नाही.

पुढे १९०१ च्या सुमाराला डाइमलर कंपनीच्या विल्हेल्म मायबाखने मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. त्यात ८,०७० बारीक चौकोनी नळ्या होत्या, त्यांतून वारा खेळायचा आणि पाणी तिथल्या तिथे निवून परत इंजिनाकडे जायचं. तेच पाणी पुन्हा पुन्हा. नऊ लिटरांत गाडीचं भागू लागलं. घरोघरी पाणी मागायची वेळ गेली असं नाही, पण दहा घरांऐवजी दोन घरांवर आली. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला तर, अगदी सुरुवातीच्या काही सोडल्या तर, पाण्याचा पंपही नव्हता. तापलेलं पाणी आपोआप वर चढतं, निवलेलं खाली उतरतं, एवढ्या भरवशावर ती १९०८ पासून १९२७ पर्यंत लाखोंनी विकली गेली. ज्याच्या घरी तांब्याचा बंब होता, त्याला हे समजायला इंजिनिअरिंग कॉलेजात जायला नको.

आपल्याकडे मोटारी १८९० च्या दशकाच्या शेवटी आल्या, पण त्या राजेरजवाड्यांच्या आणि शेठसावकारांच्या. मध्यमवर्गापर्यंत मोटार यायला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांना यावं लागलं. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट बाहेर पडू लागली. तिकडे कलकत्त्याजवळ बिर्लांची अँबॅसडर १९५७ पासून. तीस वर्षं या देशात मोटार घेणं म्हणजे या दोघींतली एक पसंत करणं. त्यातही वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचं. फियाटचं नाव पुढे पद्मिनी झालं, मुंबईत ती काळीपिवळी टॅक्सी झाली, आणि ३० ऑक्टोबर २०२३ नंतर मुंबईच्या रस्त्यावर टॅक्सी म्हणून चालायची तिची मुदतही संपली. सनावळी पुरी झाली.

आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, १९७६ साली सेकंडहँड मोटार घेतली. ते कापसाचे अडते होते. मोटार कुठल्या कंपनीची होती हे मी सांगणार नाही, कारण ती बिचारी निर्दोष होती. दोष होता आमच्या विहिरीच्या पाण्याचा. ते इतकं खारं की डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही आणि बादलीच्या काठाला आठ दिवसांत पांढरी किनार यायची. आमच्याकडे म्हणूनच पाण्याचे दोन वर्ग, खारं पाणी आणि गोडं पाणी. गोडं पाणी प्यायला आणि डाळीला. खारं पाणी भांड्यांना, गुरांना आणि मोटारीला. कुणी मुद्दाम ठरवलं नव्हतं, पण घरातल्या उतरंडीत मोटारीचं स्थान म्हशीच्या खालोखाल होतं. बादलीला जी किनार यायची, ती रेडिएटरच्या नळ्यांनाही आतून येत होती. नळी बारीक होत गेली की पाणी फिरेना, पाणी फिरेना की गाडी तापे.

ती तापली नाही असा दिवस आठवत नाही. काटा चढू लागला की आबा बोलायचे थांबत. मग सगळेच गप्प. गाडीत कुणी जास्त बोललं तर इंजिन तापतं, अशी आमची लहानपणी समजूत होती. बॉनेटवर ओलं पोतं टाकणं, मागच्या डिकीत पाण्याचा डबा, उतारावर इंजिन जरा निवू देणं, हे सगळं आम्ही शाळेच्या पाढ्यांबरोबर शिकलो. एस.टी.चे ड्रायव्हर घाटाच्या पायथ्याशी गाडी उभी करून रेडिएटरला पाणी पाजत, तेव्हा निम्मी बस उतरून आपापली तहान भागवून घेई. एकदा आमच्या रेडिएटरला गळती लागली, तर मेस्तरीने स्वयंपाकघरातून मूठभर हळद मागवली आणि पाण्यात सोडली! हळद गरम पाण्यात फुगून बारीक भोकात जाऊन बसते, हा उपाय तेव्हा सगळ्या गॅरेजांत चालत असे. आई म्हणाली, “हळद झाली, आता कुंकूही लावा.” पण गळती थांबली. आणि पुढे महिनाभर गाडी तापली की लोणच्याचा वास यायचा.

या मेस्तरीच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत पांढरा डाग होता. गरम रेडिएटरचं झाकण घाईत उघडलं, त्याची ती सनद. रेडिएटरचं झाकण हे साधं झाकण नव्हे, ती कुकरची शिट्टी आहे. आत दाब असतो म्हणून पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं पाणी एका क्षणात उकळून तोंडावर येतं. मेस्तरी नव्या पोराला कामाला ठेवताना पाना-पेचकस दाखवायच्या आधी तो हात दाखवायचा.

१९७८ च्या मे महिन्यात आम्ही ताईला दाखवायला औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, निघालो. मोठ्या माणसांच्या बोलण्यावरून आम्हां मुलांना एवढंच कळलं होतं की हे चौथं स्थळ आहे आणि आबा पाचव्याची तयारी ठेवून नाहीत. एरंडोल, भडगाव, चाळीसगाव करत दुपारी आम्ही औट्रम घाटाला लागलो. आता या औट्रमचं आमच्या गावाशी नातं आहे. १८२५ साली जेम्स औट्रम नावाचा बावीस वर्षांचा लेफ्टनंट खानदेशात भिल्ल पलटण उभारायला आला, तेव्हा त्याने मुक्काम ठोकला तो धरणगावात. जंगलात शिरून, शिकारी करून, भिल्लांत मिसळून त्याने ही पलटण उभी केली. ज्यांना आदल्या वर्षांपर्यंत सरकार दरोडेखोर म्हणत होतं, त्यांच्याच खांद्यावर सरकारी बंदुका दिल्या. भिल्लांचं त्यात भलं किती झालं आणि कंपनी सरकारचं किती, यावर मी वर्गात दोन तास घेत असे. पुढे १८५७ ला लखनौकडे त्याचं नाव गाजलं. साहेब गेला, आमच्याकडे त्याच्या नावाचा घाट राहिला.

त्या घाटात तिसऱ्या वळणावर आमची गाडी उकळली. वाफेचा लोट आला, आबांनी गाडी दगडाशी लावली. डिकीतला डबा उघडला तर झाकण सैल होऊन निम्मं पाणी ताईच्या साड्यांच्या ट्रंकेखाली गेलेलं. उरलेलं ओतलं, पुरेना. गाडीत आता पाणी होतं ते फक्त सुरईत. गोडं पाणी. आम्ही सात माणसं, त्यांत ताई नवी साडी नेसून घामाने निथळणारी, आजीचं वय पंच्याहत्तर, आणि घाटात चिटपाखरू नाही. आबा सुरई हातात घेऊन उभे राहिले. त्यांनी आजीकडे पाहिलं. आजी आयुष्यभर अहिराणीच बोलली. ती म्हणाली, “गाडीले तीस लागनी. आधी तिले पाज.”

आबांनी सुरई रेडिएटरमध्ये रिकामी केली. घाटमाथा ओलांडून पहिलं घर लागेपर्यंत कुणीही बोललं नाही. घशाला कोरड पडल्यावर बोलणार तरी काय? त्या घरच्या बाईने आधी आम्हांला पाणी दिलं आणि मग न विचारता गाडीसाठी दुसरी घागर आणून ठेवली. बर्थाबाईंना फोर्झहाइमच्या वाटेवर अशाच बायका भेटल्या असणार. ताईचं स्थळ जमलं. मुलाकडच्यांनी कार्यक्रमाआधी मुलीने तीन पेले पाणी पिताना पाहिलं आणि मुलगी मोकळ्या स्वभावाची आहे असं ठरवलं.

आता कूलंट. हे मूळचं आमच्या बाजूचं नव्हेच. थंड मुलखात रेडिएटरमधलं पाणी रात्री गोठतं, गोठलं की फुगतं आणि लोखंडी इंजिन तडकतं. म्हणून अमेरिकेत लोक हिवाळ्यात पाण्यात काय काय मिसळत. मेथिल अल्कोहोल, ग्लिसरीन, मीठ, एवढंच काय, मधसुद्धा! मिठाने गंज चढे, मधाने चिकटा होई आणि अल्कोहोल उडून जाई. शेवटी उपयोगाला आलं ते एथिलीन ग्लायकॉल. वुर्ट्झ नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते १८५० च्या दशकात बनवलं होतं, पण त्याचं करायचं काय हे बराच काळ कुणाला कळत नव्हतं. १९२७ साली ते अमेरिकेत मोटारींसाठी डब्यात भरून बाजारात आलं. अर्धं ग्लायकॉल, अर्धं पाणी केलं की उणे पस्तीसपर्यंत गोठत नाही.

खानदेशात बर्फ फक्त गोळेवाल्याकडे मिळतो. तेव्हा हे न गोठणारं पाणी आम्ही कशाला घ्यावं? हाच प्रश्न आबांनी एका विक्रेत्याला विचारला होता आणि तो निरुत्तर होऊन चहा पिऊन गेला. आबांचं अर्धं बरोबर होतं. उष्णता वाहून न्यायला नुसत्या पाण्यासारखं दुसरं काही नाही, ग्लायकॉल त्यात कमीच पडतं. पण जे गोठायला उशीर करतं, ते उकळायलाही उशीर करतं. अर्धं-अर्धं मिश्रण १०७ अंशांच्या आसपास उकळतं आणि वर झाकणाचा दाब धरला तर सव्वाशेपर्यंत तग धरतं. शिवाय त्यात गंज न चढू देणारी औषधं असतात. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे होते, खाऱ्या पाण्याशी भांडत का होईना नांदत. आताचे अल्युमिनियमचे, नाजूक प्रकृतीचे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली आणि तिच्यामागून हा सगळा नवा कारभार आला. विजेचा पंखा, बाजूला प्लॅस्टिकची बाटली, बाटलीवर दोन रेघा आणि आत हिरवंगार पाणी. घाटातल्या घागरी हळूहळू थांबल्या. हल्ली घाटात बॉनेट उघडलेली गाडी दिसली तर लोक फोटो काढतात.

आमच्या छोट्या गाडीचं कूलंट मी घरीच बदलतो. जळगाव तीस-पस्तीस किलोमीटर, आणि निवृत्त माणसाला घरातल्या घरात महत्त्वाचं काहीतरी करतो आहे असं दाखवायला यापरतं काम नाही. वहीत तारीख असते, किलोमीटर असतात, कूलंटचं नाव आणि रंगही असतो. रंगावर विसंबू नये, कारण हिरवं, लाल, निळं हे ज्याचं त्याने ठरवलेलं असतं. गाडीच्या पुस्तकात जे सांगितलंय तेच घ्यावं आणि दोन जातींची सरमिसळ करू नये. सरमिसळीने काहींचा आत गाळ होतो. जातीचा हा एवढा एकच नियम मी पाळतो.

काम पहाटे करायचं. गाडी रात्रभर निवलेली हवी, आणि आमच्याकडे मे महिन्यात निवलेली ही गोष्ट पहाटेच सापडते. आधी वरचं झाकण, मग रेडिएटरच्या तळाची चावी. खाली पसरट टब. साडेतीन-चार लिटर निघतं. मग डिस्टिल्ड वॉटर भरून, इंजिन थोडं चालवून, पुन्हा निवू देऊन, पुन्हा काढायचं, निघालेलं पाणी नितळ दिसेपर्यंत. विहिरीचं पाणी या कामाच्या आसपाससुद्धा आणायचं नाही. आबांच्या गाडीने आम्हांला तेवढं शिकवलं. शेवटी नवं कूलंट सावकाश, बारीक धारेने, कारण आत हवा अडकली की एका कोपऱ्यात इंजिन कोरडंच तापत राहतं आणि काटा मात्र शहाण्यासारखा जागेवर असतो. हवा निघावी म्हणून झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू करायचं आणि गाडीतला हीटर पूर्ण लावायचा. मे महिन्यात, धरणगावात, हीटर! शेजारचे आप्पा कठड्यावरून डोकावून म्हणाले, “काय करी राहिनात सर? थंडी वाजनी का?” मी म्हटलं, “इतिहासाचा अभ्यास चाललाय.” इंजिन तापलं, आतला थर्मोस्टॅट उघडला, बुडबुडे येऊन गेले, पंखा आपोआप लागला, पातळी खाली गेली तेवढी भरली, झाकण लावलं. झालं.

काम झालं, पण इतिहास इथेच अडतो.

आबांच्या काळी रेडिएटर धुतला की निघालेलं गढूळ पाणी दारच्या निंबाला जाई. निंब वाढलासुद्धा. आता टबात निघतं ते ग्लायकॉल. आणि ते चवीला गोड असतं. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात प्रत्येक ओट्यावर चिमण्यांसाठी मातीची ताटली, कोपऱ्यावर गुरांसाठी कुंडी. गल्लीतली कुत्री, मांजरं, चुकार शेळ्या यांना पक्कं ठाऊक आहे की माणसाच्या दारात भांडं दिसलं की त्यात पाणी असतं. चाळीस वर्षं आम्हीच त्यांना ते शिकवलंय. त्या जनावरांसमोर सकाळी सात वाजता चार लिटर गोड विष उघडं ठेवायचं! लहानशा मांजराला काही चमचे पुरतात. आधी ते झिंगल्यासारखं चालतं, मग बरं झाल्यासारखं दिसतं. एव्हाना शरीराने ग्लायकॉलचं ऑक्झॅलिक आम्ल केलेलं असतं आणि मूत्रपिंडात त्याचे खडे धरलेले असतात. माणसाचंही तसंच. गंमत अशी, की वेळेवर दवाखान्यात नेलं तर यावर डॉक्टर जे जुनं औषध देत आले ते म्हणजे अल्कोहोल. ज्या दारूला मोटारीतून हाकललं, तीच उताऱ्याला धावते. अमेरिकेतल्या काही राज्यांनी यात कडूजहर द्रव्य घालणं कायद्याने भाग पाडलं. त्यांच्याकडे कडुनिंब नाही, एरवी आम्ही तोही उपाय सुचवला असता.

ग्लायकॉलच्या सख्ख्या भावाने, डायएथिलीन ग्लायकॉलने, केलेला घात आपल्याकडे घडलेला आहे. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये ते निघालं आणि चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने ते प्रकरण खणून काढलं. अमेरिकेत १९३७ साली याच द्रव्यात कालवलेल्या एका औषधाने शंभराहून जास्त माणसं गेली होती, त्यांत मुलं बरीच. ती मुलांना आवडावं म्हणून गोड केलेलं औषध समजून ते प्याली. मी त्या साली कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेलो नव्हतो, १९८६ ला शाळेत शिकवत होतो. लेंटिन आयोगाच्या बातम्या शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचल्या जात आणि वाचणारा मध्येच थांबे, हे आठवतं.

तेव्हापासून टब मी सोडत नाही. कूलंट निघेपर्यंत शेजारी स्टूल टाकून बसायचं, हातात काठी. गेल्या खेपेला आप्पांची मनी कठड्यावरून थेट टबाच्या काठाशी उतरली. काठी मी आपटायच्या आत आतून सौ.चं लाटणं येऊन पडलं. मनी निंबावर. सौ. म्हणाली, “तुम्ही इतिहास सांभाळा, मी मांजर सांभाळते.” सांडलेल्या थेंबांवर माती टाकून, ती खरवडून पिशवीत भरून, जागा साबणाने धुतली, तोवर ऊन ओट्यावर चढलं होतं.

राहता राहिलं ते चार लिटर. मेस्तरीचा मुलगा आता गॅरेज चालवतो. तो म्हणाला, “गटारीत सोडा ना सर, सगळे सोडतात.” गटार आमच्या गल्लीतून उघडी वाहते. पुढे ती जिथे उताराला लागते तिथे दुपारी म्हशी बसतात. मी त्याला त्याच्या बापाच्या हाताची आठवण दिली. तो म्हणाला, “ते झाकण होतं, सर.” मी म्हटलं, “हेही झाकणच आहे.” त्याला पटलं की नाही कळलं नाही, पण पुढच्या वेळी त्याने स्वतःच दोन रिकामे कॅन आणून दिले. जळगावला एका मोठ्या गॅरेजात वापरलेलं ऑइल आणि कूलंट साठवून पुढे पाठवतात असं भाचा म्हणतो. तो दिवाळीला येतो तेव्हा कॅन त्याच्या गाडीत घालायचे, असं ठरलंय. गेल्या दिवाळीला त्याच्या डिकीत केळ्यांचे घड होते.

म्हणून तूर्त तीन कॅन माळ्यावर आहेत, बिबड्यांच्या डब्यापासून लांब, कुलपाच्या पेटीत. प्रत्येकावर मी तारीख घातली आहे आणि सौ.ने लाल तेलरंगाने ‘विष’ लिहिलंय. नातीने खाली कवटी काढली. पण ती कवटी इतकी हसरी आली, की सौ.ने ती पुसून तिच्याकडून पुन्हा रागीट काढून घेतली.